नवरंग आला, पाऊस जवळ आला!

काल पहाटे घरामागच्या ओढ्याकाठून दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू आली, ‘व्हीऽट-ट्यू’. अंगावर काटाच आला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो पाहुणा दाखल झाला होता. नवरंग!

साळुंकीपेक्षा लहान, आखूड शेपटीचा हा पक्षी. हिरवी पाठ, बदामी पोट, डोळ्यांवरून काळी पट्टी, खांद्याशी चमकता निळा डाग आणि शेपटीखाली गडद लाल.

हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. मे-जूनमध्ये पावसाच्या आगेमागे विणीसाठी कोकणात, सह्याद्रीत, विदर्भातल्या जंगलांत येतो. जमीन ओलावली की किडे-गांडुळं मुबलक मिळतात, पिल्लांची पोटं भरतात.

शोधायचा कसा? पहाटे किंवा तिन्हीसांजेला जा. आधी कान लावा, मग डोळे. तमिळमध्ये तर याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे! शीळ घालताना तो फांदीवर बसतो, एरवी जमिनीवर पालापाचोळा उलटत फिरतो.

रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याला त्रास होतो.

हा प्रवास करतो रात्री. त्यामुळे थकलेला नवरंग कधीकधी शहरातल्या गॅलरीतही सापडतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. सावरला की जवळच्या झाडीत सोडा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

तुमच्याकडे आला का नवरंग? कुठे, कधी ऐकलात ते सांगा.