अंतिम फेरीतील पत्ते आणि पन्नास टक्क्यांचे गणित

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी म्हणजे पार्थसारथीचे मंदिर, 1904 साली स्थापन झालेली अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी आणि एकट्या नोकरदारांना आसरा देणाऱ्या ‘मॅन्शन’ नावाच्या इमारती. अशा ठिकाणी रमी कोणाला शिकवावी लागत नाही. आणि ज्याला रमी येते, त्याला ड्रॉ पोकर समजण्यास वेळ लागत नाही. प्रत्येकी पाच पाने, पैजेची एक फेरी, नको ती पाने टाकून नवी घ्यायची आणि पुन्हा पैज.

समजा, हाती चार पाने बदामाची आहेत व पाचवे बदलायचे आहे. न दिसलेल्या 47 पानांपैकी 9 बदामाची, म्हणजे संधी सुमारे 19 टक्के. शंभर रुपये लावण्यापूर्वी मधल्या राशीत निदान 422 रुपये हवेत, अन्यथा दीर्घकाळात तोटा ठरलेला. साध्या डावात हा हिशेब बहुतांशी पुरतो.

स्पर्धेच्या अंतिम टेबलावर मात्र तो पुरत नाही. तेथे चिप्स म्हणजे रोकड नव्हे. बक्षिसे क्रमांकानुसार ठरलेली असतात. तीन खेळाडू उरले आहेत, त्यांच्याकडे अनुक्रमे 5000, 3000 व 2000 चिप्स आहेत आणि बक्षिसे 50,000, 30,000 व 20,000 रुपयांची आहेत, असे धरू. प्रत्येकाची पहिला येण्याची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणात मानावयाची, पहिला वगळून उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तेच करावयाचे. (शर्यतीच्या घोड्यांच्या क्रमांकांसाठी हार्विल यांनी ही रीत 1973 मध्ये मांडली.) या रीतीने तिघांच्या स्थितीचे आजचे मूल्य अनुक्रमे 38,393, 32,750 व 28,857 रुपये येते. निम्म्या चिप्स बाळगणाऱ्याचे मूल्य निम्म्या रकमेइतके नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता तिसऱ्याने आपल्या सर्व 2000 चिप्स लावल्या, दुसऱ्याने आव्हान स्वीकारले आणि दोघांची संधी समसमान आहे. तिसरा जिंकला तर त्याचे मूल्य 36,444 होते, हरला तर त्याला 20,000 घेऊन उठावे लागते. सरासरी 28,222, म्हणजे निव्वळ पैज लावल्याने 635 रुपये गेले. दुसऱ्याचेही तसेच: जिंकल्यास 40,000, हरल्यास 24,667, सरासरी 32,333 आणि तोटा 417. हे 1052 रुपये गेले कोठे? हातात पान न धरलेल्या पहिल्याकडे! दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. तिसऱ्याला ही पैज परवडण्यासाठी किमान 54 टक्के संधी हवी.

म्हणूनच अंतिम टेबलावरील जाणकार मोठ्या साठ्यावर बसून इतरांवर दबाव आणतो, कारण बाद होण्याची भीती त्याला सर्वांत कमी असते. मधल्या क्रमांकाच्या खेळाडूने सर्वांत छोट्या साठ्याचा खेळाडू बाद होईतो संयम राखावा, हे मला या खेळातील सर्वांत कठीण पथ्य वाटते. एरवी चांगले वाटणारे पानही तेथे टाकावे लागते.

हे कौशल्य की नशीब, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. रमीत पाने लक्षात ठेवणे व टाकणे यांस कौशल्य लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटले आणि तीन पत्त्यांचे खेळ त्याहून वेगळे मानले. तामिळनाडूने 2022 च्या कायद्यात ऑनलाइन रमी व पोकर यांची नावे घातली. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती वगळली. पुढे 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने कौशल्य-नशीब हा भेदच बाजूस ठेवून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली व बँकांनी त्यांचे व्यवहार करू नयेत, अशी तरतूद केली. ग्राहकांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: ‘खेळासाठी’ म्हणून अनोळखी खात्यात रक्कम भरावयास सांगणारा संदेश आल्यास पैसे पाठविण्यापूर्वी शाखेत विचारावे. वरील हिशेब करण्यासाठी मात्र एक पत्त्यांचा जोड, काही काड्यापेटीच्या काड्या आणि कागद-पेन्सिल एवढेच पुरते.