ठशांच्या शुभेच्छापत्रांसाठी कार्डकागद : विकत घेण्यापूर्वीची परीक्षा

दिवाळी, नाताळ, संक्रांत किंवा दहावीचा निरोप समारंभ जवळ आला की अनेक शाळांतून शुभेच्छापत्रे बनविण्याचा उपक्रम होतो. बटाट्याचे, भेंडीचे, खोडरबरावर कोरलेले ठसे तयार होतात. स्टॅम्प पॅड किंवा पोस्टर कलर आणला जातो. कागदाची आठवण मात्र सर्वांत शेवटी होते, आणि आदल्या संध्याकाळी कोणीतरी दुकानात जाऊन 'जाड आणि पांढरेशुभ्र' कार्डशीट घेऊन येते. मुलांनी दिलेल्या वर्गणीतला मोठा वाटा या कागदावर खर्च होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात काय होते ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. कोणाच्या ठशाच्या कडा पसरतात, कोणाची शाई तासाभरानेही बोटाला लागते, कोणाचे कार्ड घडीवर तडकते. मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. पुष्कळदा दोष त्या कागदाचा असतो.

'जाड' आणि 'पांढरा' हे दोन्ही निकष फसवे आहेत. ठशांच्या कामासाठी कागदाचे दोनच गुण खरे महत्त्वाचे : तो पाणी किती वेगाने पितो आणि त्यातले तंतू कोणत्या दिशेने पडलेले आहेत. हे दोन्ही गुण दुकानातून एकच कागद आणून जवळजवळ फुकटात तपासता येतात. म्हणून आमची पहिली सूचना अशी, की गड्डी घेण्यापूर्वी दोनतीन प्रकारचा एकेक कागद आणावा आणि विज्ञानाच्या एका तासिकेत मुलांकडूनच त्याची परीक्षा करून घ्यावी.

आधी वजनाविषयी. दुकानदार कागदाची जाडी 'जीएसएम'मध्ये सांगतो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. वहीचा कागद साधारण ५० ते ६०, झेरॉक्सचा ७० ते ८०, आणि कार्डकागद १८० ते ३०० जीएसएमचा असतो. सांगितलेला आकडा खरा आहे का, हे पाहणे सोपे आहे. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतो. तेव्हा असे १६ कागद इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले की जो ग्रॅमचा आकडा दिसेल तोच जीएसएम. मोठा कागद २२ × २८ इंचांचा असेल तर एका कागदाचे वजन करून त्याला अडीचने गुणावे. एक कागद ८८ ग्रॅम भरला तर तो २२० जीएसएमचा.

घडीच्या साध्या शुभेच्छापत्राला २०० ते २२० जीएसएम पुरे होतो. कागदाची किंमत मुख्यतः वजनावर ठरत असल्याने त्याच प्रतीचा ३०० जीएसएमचा कागद घेतला तर २२० च्या मानाने सुमारे ३६ टक्के जास्त लगदा विकत घेतला जातो, आणि वर घडी घालणे अवघड होते ते वेगळेच. शिवाय वजन म्हणजे जाडी नव्हे. प्रयोगशाळेतील स्क्रू गेजने दोन वेगवेगळे २२० जीएसएमचे कागद मोजून पाहावेत. यंत्रात दाबून गुळगुळीत केलेला कागद पातळ भरतो, साधा कागद जाड भरतो. कागदाचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जाडीतला थोडासा फरकही हाताला चांगला जाणवतो.

आता तंतूंच्या दिशेकडे वळू. या एका गोष्टीकडे आपल्याकडे फारच थोडे लक्ष दिले जाते, म्हणून जरा सविस्तर पाहू. गिरणीत कागद बनतो तेव्हा पाण्यात कालवलेला लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर पसरला जातो. ओढ्याच्या प्रवाहात काड्या जशा प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे बरेचसे तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने लांबट पडतात. छापखान्यातले लोक या दिशेला कागदाचा 'ग्रेन' म्हणतात. ग्रेनला समांतर घडी घातली की ती तंतूंच्या मधून जाते आणि स्वच्छ पडते. ग्रेनला आडवी घडी घातली की तंतू मोडतात. घडीवर खरबरीत भेगा दिसतात, आणि कार्ड धड मिटतही नाही, धड उभेही राहत नाही.

ग्रेन ओळखण्याच्या तीन रीती आहेत. कागद एकदा लांबीच्या आणि एकदा रुंदीच्या दिशेने हलकेच वाकवून दाबावा. ज्या दिशेने वाकवताना कमी विरोध होतो, त्या वाकाला समांतर ग्रेन असतो. दुसरी रीत फाडण्याची : ग्रेनच्या दिशेने फाडलेली कड बऱ्यापैकी सरळ जाते, आडवी फाडलेली भरकटते. तिसरी रीत मुलांना सर्वांत आवडते. कागदाचा दोन इंचांचा चौकोन कापून त्याची एकच बाजू ओल्या कापसाने भिजवावी. तो पाहता पाहता नळीसारखा वळू लागतो. त्या नळीचा आस ज्या दिशेला, ती ग्रेनची दिशा. कारण असे, की पाणी शोषल्यावर तंतू जाडीत बरेच फुगतात आणि लांबीत जेमतेम वाढतात. भिजलेली बाजू तंतूंना आडव्या दिशेने पसरते, कोरडी बाजू पसरत नाही, आणि कागद वळतो.

याचा खर्चाशी थेट संबंध आहे. २२ × २८ इंचांच्या कागदातून ५.५ × ७ इंचांचे तुकडे कापायचे आहेत आणि ७ इंचांची बाजू मधोमध दुमडून ३.५ × ५.५ इंचांचे कार्ड करायचे आहे, असे धरू. म्हणजे घडी ५.५ इंचांच्या बाजूला समांतर येणार. ग्रेन जर २२ इंचांच्या दिशेने असेल तर चार चोक सोळा तुकडे निघतात, काहीही वाया जात नाही आणि घडी ग्रेनला समांतर येते. ग्रेन २८ इंचांच्या दिशेने असेल तर मात्र तुकडे फिरवून कापावे लागतात. २८ इंचांत साडेपाचाचे पाच आणि २२ इंचांत साताचे तीन, असे पंधराच बसतात. एक कार्ड कमी होते. आमच्या मते हे एक कार्ड खुशाल सोडावे. सोळाच्या सोळा कार्डांची घडी तडकण्यापेक्षा पंधरा चांगली कार्डे स्वस्त पडतात. उरलेल्या पट्ट्या नावांच्या चिठ्ठ्यांना किंवा पुस्तकखुणांना उपयोगी येतातच. घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने एक रेघ दाबून ओढावी, म्हणजे कमी प्रतीचा कागदही बराच सांभाळून दुमडतो.

दुसरा गुण पाणी पिण्याचा. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. तंतूंच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्यांतून केशाकर्षणाने शाई पसरते. टिपकागदावर ठसा उमटवून पाहिला तर हे चटकन समजते. हे पसरणे रोखण्यासाठी लगद्यात पाण्याला दूर ठेवणारे द्रव्य मिसळतात आणि अनेकदा वरून स्टार्चची खळही देतात. १८०७ साली जर्मनीत मॉरिट्झ इलिग याने यासाठी राळ आणि तुरटी वापरण्याची कृती प्रसिद्ध केली, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे गिरण्यांतून तीच प्रामुख्याने चालली. ती स्वस्त होती, पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहते आणि ते हळूहळू सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. जुन्या ग्रंथालयांतील पाने हात लावताच तुटतात, त्यामागचे हे एक मोठे कारण.

परीक्षा अशी करावी. कार्डावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब लगेच जिरला तर ठसा पसरणार. मिनिटभर तरी थेंब घुमटासारखा उभा राहिला तर खळ चांगली आहे. मग जी शाई वापरायची तिचाच ठसा मारून कडा भिंगाखाली पाहाव्यात आणि दोन मिनिटांनी बोट फिरवावे. ही दुसरी पायरी टाळू नये. कारण अती गुळगुळीत कागदाची अडचण नेमकी उलटी असते. लग्नपत्रिकांसाठी वापरतात त्या चकचकीत आर्ट कार्डावर चिनी माती किंवा चुनखडीच्या भुकटीचा लेप असतो. कचेरीतल्या साध्या स्टॅम्प पॅडची शाई मुख्यतः कागदात मुरून वाळते. लेपावर ती मुरत नाही, ओलीच राहते आणि फासली जाते. पोस्टर कलरमध्ये रंगाचे कण आणि डिंक असल्याने तो पृष्ठभागावर बसतो, पण त्यात पाणी जास्त झाले की पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. (बटाट्याचा ठसा वापरण्यापूर्वी फडक्याने टिपून घ्यावा. निम्मी तक्रार तिथेच संपते.) थोडक्यात, ठशांसाठी लेप नसलेला, मॅट, पण नीट खळ दिलेला कार्डकागद सर्वांत बरा.

वरच्या खळीत स्टार्च आहे का, हे पाहायचे तर औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडीन भरपूर पाण्यात पातळ करून त्याचा थेंब टाकावा. निळा-जांभळा डाग पडला तर स्टार्च आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर हाच थेंब टाकून तुलना करावी.

शुभेच्छापत्र जपून ठेवले जाते, तेव्हा ते टिकणार किती, हा प्रश्नही आहेच. लाकूड नुसते दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहते आणि प्रकाश व हवा यांनी ते पिवळे पडते. कागदाचा तुकडा अर्धा काळ्या कागदाने झाकून आठवडा-दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावा. शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा, म्हणजे मुलांना फरक दिसतो. दुसरी चाचणी शिक्षकांनी स्वतः करावी : विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब लेप नसलेल्या कार्डावर टाकून भिंगातून पाहावे. बुडबुडे आले तर कागदात चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. आम्लयुक्त तुरटीच्या पद्धतीत चुनखडी टिकत नाही, म्हणून असा कागद नव्या, आम्लरहित पद्धतीने बनलेला असतो आणि जास्त टिकतो.

शुभ्रतेबद्दल मात्र सावध राहावे. निळसर झाक असलेला झगझगीत पांढरेपणा पुष्कळदा एका रसायनामुळे आलेला असतो. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकते. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली असा कागद निळा चमकतो. चलनी नोटांच्या कागदात हे द्रव्य नसते, म्हणून खरी नोट त्या दिव्याखाली काळसर दिसते. या चमकेने कागद बळकट होत नाही आणि उन्हात ती ओसरते. किंचित पिवळसर 'आयव्हरी' छटा म्हणजे हलका माल असे समजू नये. अशा कागदावर लाल आणि हिरवे ठसे तर अधिक खुलतात.

आता स्वस्तात मिळवायचे कुठून? पुण्यातील अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईतील अब्दुल रहमान स्ट्रीट अशा ठिकाणी कागद गड्डीने मिळतो, आणि दोनतीन शाळांनी मिळून गड्डी घेतली तर सुट्या कागदापेक्षा परवडते. गावाकडे याहून जवळचा मार्ग म्हणजे छापखाना. पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे कापताना तिथे चांगल्या कार्डाच्या पट्ट्या उरतात. विनंती केली तर त्या रद्दीच्या भावाने मिळू शकतात. मात्र त्यांत आर्ट कार्ड मिसळलेले असते आणि ग्रेन कोणत्याही दिशेला असू शकतो, तेव्हा वरच्या परीक्षा इथे अधिकच हव्यात. मिठाईच्या खोक्यांचा, पाठीमागून करडा असणारा डुप्लेक्स बोर्ड स्वस्त असतो. त्यावर थेट ठसा मारण्यापेक्षा साध्या कागदावर ठसे उमटवून ते चिकटवावेत.

हातकागदाचा मोह अनेकांना होतो आणि तो रास्त आहे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, आणि राजस्थानातील सांगानेरचा हातकागदही प्रसिद्ध आहे. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन जवळपास नसते. साचा हाताने सर्व बाजूंना हलवत असल्याने तंतूही सर्व दिशांना पडतात, त्यामुळे घडी कशीही घाला. पण तो महाग असतो आणि खरबरीत पृष्ठभागावर रबराच्या ठशातील बारीक रेघा तुटक येतात. भेंडी-बटाट्याचा ठसठशीत ठसा मात्र त्यावर देखणा दिसतो. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा हातकागदाचा तुकडा साध्या कार्डावर चिकटवला तर खर्च आटोक्यात राहतो.

कार्डकागद मिळालाच नाही तर तो वर्गातही करता येतो. १०० ते १२० जीएसएमचे दोन ड्रॉइंग पेपर नुसते एकावर एक ठेवले तर ताठरपणा दुप्पट होतो. तेच खळीने पूर्ण चिकटवले तर जाडी दुप्पट होऊन ताठरपणा सुमारे आठपट होतो. चिकटवताना दोन्ही कागदांचा ग्रेन एकाच दिशेने ठेवावा, नाहीतर वाळल्यावर कार्ड पापडासारखे वळते. खळ पातळ लावावी आणि पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर ठेवावे. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे आणि मुलांच्या हाती देऊ नये. कार्डे पुरती वाळवून कोरड्या जागी ठेवली तर त्याची गरजही पडत नाही.