खसखस व आयातबंदी

अफूच्या झाडाच्या (शास्त्रीय नाव पॅपॅव्हर सोम्निफेरम) बोंडातील बारीक बियांना खसखस म्हणतात. महाराष्ट्रीय स्वयंपाकात ती नित्याची असली, तरी काही देशांच्या सीमेवर तिची गणना अमली पदार्थांत होते.

अफू मिळते ती हिरव्या बोंडाच्या चिकापासून. बियांत मॉर्फीन जवळजवळ नसते. बोंडे फोडताना वाळलेल्या चिकाचा अंश त्यांना चिकटतो, एवढेच. म्हणूनच १९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारात, तसेच भारताच्या १९८५ च्या कायद्यात, अफूच्या बोंडांसंबंधीच्या व्याख्येतून बिया वगळल्या आहेत. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने अफूची लागवड होते आणि खसखस वाण्याकडे उघड मिळते. संयुक्त अरब अमिरातींत मात्र तिच्यावर बंदी आहे. सिंगापुरात ती अमली पदार्थ विभागाच्या नियंत्रणाखाली येते.

या बंदीची झळ लागते ती फराळाला. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधण्यात आल्या. तेथे व गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेली गिरणी कामगार कुटुंबे स्थिरावली. कोकणातून व मुंबईतून पुढे पुष्कळ लोक नोकरीसाठी आखाती देशांत गेले. दिवाळीच्या फराळात अनारशाला मान असतो. तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत सुकवून कुटतात. पिठात गूळ घालून ते मुरवतात. त्याची गोळी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात तळली म्हणजे जाळी पडते. खसखस करंजीच्या सारणातही असते आणि मालवणी मसाल्यातही. मसाल्यात ती दळली गेल्याने दिसत नाही, परंतु म्हणून ती निषिद्ध ठरण्याचे टळत नाही.

किडीपायी येणारी बंदी याहून वेगळी. फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, अळू, कारली व पडवळ यांची आयात थांबविली; पुरेशा प्रक्रियेची व तपासणीची हमी मिळाल्यावर आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. घरच्या डब्यातील खसखशीला अशी सोय नाही. बिहारकडे अनरसा तिळात घोळवतात. आखातात पाठवावयाच्या अनारशाला तोच पर्याय उरतो. चव बदलते, जाळी मात्र पडते.