गोरेपणाची ट्यूब

लग्नसराई जवळ आली की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. ताप नाही, खोकला नाही. ओढणीने चेहरा झाकलेली मुलगी आणि तिच्यामागून तिची आई.

गेल्या वर्षी आलेली अशीच एक मुलगी. वय बावीस. ओढणी बाजूला केली तर दोन्ही गाल लालबुंद, त्यावर बारीक पुरळ आणि हनुवटीवर वाढलेली लव. उन्हात गेले की आग होते, गॅसपाशी उभे राहवत नाही. "डॉक्टरकाका, क्रीम बंद केलं की जास्तच भडकतंय," ती म्हणाली. आईची घाई वेगळी होती. "साखरपुडा वीस दिवसांवर आलाय हो डॉक्टर, काहीतरी करा."

ट्यूब शेजारणीने सांगितली म्हणून मेडिकलमधून आणलेली. चिठ्ठी नाही, विचारणा नाही. दीड वर्ष रोज रात्री लावलेली. मग मुलीने मोबाइल काढून एक फोटो दाखवला आणि म्हणाली, "मी अशी होते. मला परत अशी करा."

मी या मुलीला तिच्या लसी टोचल्या तेव्हापासून पाहतो आहे. ती तशी कधीच नव्हती. ती गव्हाळ, तजेलदार चेहऱ्याची मुलगी होती. फोटोतला दुधासारखा रंग कॅमेऱ्याने दिलेला होता. हल्लीचे अनेक मोबाइल फोटो काढतानाच चेहरा उजळतात, डाग पुसतात. स्वतःचाच खोटा फोटो तिला इतका खरा वाटू लागला होता की आरशातला चेहरा म्हणजे रोग, असे तिच्या मनाने घेतले होते.

हे एका दिवसात झालेले नाही. फेअर अँड लव्हली हे क्रीम आपल्याकडे 1975 साली बाजारात आले. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढे घरोघरी संच आले. या क्रीमच्या जाहिरातींची गोष्ट बहुतेक वेळा एकच असे. सावळी मुलगी खाली मान घालून बसलेली, काही आठवडे क्रीम लावायचे, की लग्न जमते, नोकरी लागते, बापाची छाती फुगते. एका जाहिरातीत तर 'मुलगा असता तर' म्हणून बाप उसासा टाकतो आणि मुलगी गोरी होऊन विमानात नोकरी मिळवते. महिला संघटनांनी तक्रारी केल्या आणि 2003 च्या सुमारास ती जाहिरात पडद्यावरून गेली. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने 2014 मध्ये नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. डोक्यात बसलेली गोष्ट मात्र तशीच राहिली.

सगळा दोष जाहिरातवाल्यांच्या माथी मारणेही बरोबर नाही. 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' हे आपणच छापत आलो. वर्तमानपत्रांची पाने त्याने भरलेली असत. गरोदर सुनेला केशर घातलेले दूध कशासाठी देतात, हे सासूबाईंना विचारून पाहा. (मुलाच्या रंगावर त्या केशराचा काडीचाही परिणाम होत नाही.) पंढरपूरचा विठोबा आपल्याला काळाच लागतो, सून मात्र उजळ हवी! पण पूर्वी ही फक्त हौस होती. डाळीचे पीठ आणि साय लावून कोणाचे नुकसान होत नव्हते. सावळेपणा हा आजार आहे आणि तो ट्यूबने बरा होतो, ही समजूत मात्र पडद्याने पसरवली. जाहिरातीतल्या साध्या क्रीमने फारसा फरक पडेना, तेव्हा लोक 'जास्त पॉवरच्या' ट्यूबकडे वळले.

या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधे असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. वांगासारख्या विकारावर त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण थोडे आठवडे, देखरेखीखाली देतात. स्टिरॉइडमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगद्रव्य कमी होते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळ दिसतो, आणि माणूस तिथेच फसतो. पुढे कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावायचे. दारूसारखेच हे चक्र. बराच काळ वापरलेल्या हायड्रोक्विनोनने काहींच्या चेहऱ्यावर उलट निळसर काळे डाग पडतात, ते जाता जात नाहीत. स्टिरॉइडची अनेक मलमे 2018 मध्ये शेड्यूल एच मध्ये आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर तरी.

येथे एक कबुली द्यायला हवी. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी ट्यूब मीही लिहून दिली आहे. रुग्ण 'डाग जाऊ द्या' म्हणायचा, मी चिठ्ठी लिहायचो आणि 'इतकेच दिवस लावा' हे सांगायचे राहून जायचे. त्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे घराघरांत फिरल्या असतील. मेडिकलवाल्याला बोल लावताना ते आठवते.

याहून वाईट म्हणजे पारा असलेली क्रीम. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात आढळले. त्यांपैकी 15 जणांत विकाराचा एक विरळा प्रकार निघाला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पारा कातडीतून रक्तात जातो, मूत्रपिंडाची चाळणी बिघडते आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडतो, पण ते वेळीच कळले पाहिजे. क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्यावी.

त्या मुलीला मी जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. साखरपुडा लाल गालांनीच झाला. नवऱ्या मुलाने काही विचारले नाही, सासूने विचारले. चेहरा शांत व्हायला सात महिने लागले. मधल्या काळात ती दोनदा रडत आली, एकदा तर पुन्हा ती ट्यूब लावून आली. मी रागावलो नाही.

ज्यांच्या घरी अशी ट्यूब आहे त्यांनी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. घटकांची यादी किंवा उत्पादकाचा पत्ताच नसेल, तर ते क्रीम आजच बंद करावे. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून मिळणारेही तसेच. स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल तर मनाने काही करू नये. ती कशी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील. तोवर दुपारचे ऊन टाळावे, चेहरा घासू नये, लिंबू किंवा टूथपेस्ट फासू नये. दाखवायला येताना ट्यूब व खोका दोन्ही आणावे, आणि किती महिने लावली ते खरे सांगावे. आईसमोर सांगायचे नसेल, तर आईला बाहेर बसवू.