विश्लेषण : वारसाक्षेत्रात शाळा बांधायची तर वीज नेमकी कुठे वाचते?

राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांत चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा त्याचा आशय. शिष्यासाठी त्यात ‘अंतेवासी’ हा शब्द आहे. म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही राहण्याची आणि अध्ययनाची जागा. जाड कातळामुळे भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. पत्र्याच्या छपराची वर्गखोली मात्र एप्रिलमध्ये दुपारपूर्वीच तापते. उन्हाळ्यात ‘सकाळची शाळा’ भरवावी लागते ती उगाच नाही.

नियम काय सांगतात?

केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०१० च्या कायदादुरुस्तीने हे बंधन पक्के केले. माथेरान आणि भोवतालचा बराच भाग फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खुद्द माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने विटा-सिमेंट घोड्यांवर किंवा हातगाडीवर चढवावे लागते. त्यामुळे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याऐवजी आहे तीच दुरुस्त करणे इथे खिशालाही परवडते. जुन्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच अडकते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो.

उष्णता येते कुठून?

कर्जत-खालापूर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. म्हणजे सर्वाधिक ऊन भिंती नव्हे, छप्पर खाते. पैसा आधी छपरावर खर्च करायला हवा : उतरती मंगलोरी कौले, खाली लाकडी किंवा बांबूचे आढे, कौलांखालची गरम हवा निघून जायला वर झरोके. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन अडवायला रुंद ओसरी. हीच ओसरी चार महिने पावसाची झड अडवते, त्यामुळे खिडक्या उघड्या राहतात आणि भरदिवसा दिवे लावावे लागत नाहीत. इथल्या आदिवासी वाड्यांवरच्या कारवीच्या कुडाच्या भिंतीही हवा खेळती ठेवतात.

एवढे केल्यावर उरते ती पंख्यांची वीज. दहा वर्गांत प्रत्येकी चार, असे ४० जुने पंखे ७५ वॅटचे असतील तर सहा तासांत १८ युनिट जळतात. ३० वॅटचे नवे पंखे तेच काम सव्वासात युनिटांत करतात. एवढ्यासाठी दोन-तीन किलोवॅटची सौर पॅनेल कोरड्या ऋतूत पुरतात. ती वारसा इमारतीच्या दर्शनी उतारावर न लावता मागच्या नव्या खोल्यांवर लावावीत. पावसाळ्यात उत्पादन घटते, पण तेव्हा पंखेही कमी लागतात.

अडचण कुठे आहे?

जागेत आणि देखभालीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून डोंगरउतारावरच्या कोणत्याही बांधकामात भूगर्भतज्ज्ञांचा अहवाल आराखड्याच्या आधी यायला हवा. कौलांचे दुखणे वेगळेच. पावसाआधी दरवर्षी ती चाळावी लागतात, माथेरानात माकडे फोडतात ती निराळी. पत्रा का जिंकतो, याचे उत्तर इथे आहे : त्याला देखभालीची वार्षिक तरतूद लागत नाही. कौलांखाली पत्रा घालून मध्ये हवेची पोकळी ठेवणे हा मधला मार्ग आहे. त्यात गळती थांबते आणि इमारतीचे रूपही बदलत नाही. कौले चाळायचा खर्च मात्र शाळेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी लिहावाच लागतो.