वक्तृत्व मंडळाचं गणित: 20 सभासद, 12 जबाबदाऱ्या

टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या वक्तृत्व शिकवणाऱ्या संघटनेचे 2020 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख 64 हजार सभासद होते. 2023 मध्ये ते 2 लाख 70 हजारांवर आले. घट 26 टक्के. याच काळात क्लब 16,200 वरून 14,200 झाले. घट 12 टक्के. क्लबमागे सरासरी 22.5 सभासद होते, ते 19 उरले. या संघटनेत नवा क्लब काढायला 20 सभासद लागतात. म्हणजे मंडळ बंद पडण्याआधी आतून रिकामं होतं.

यावरचा उपाय सभेच्या रचनेतच आहे. एका सभेत 3 तयारीची भाषणं आणि त्यांचे 3 समीक्षक. शिवाय सूत्रसंचालक, उत्स्फूर्त भाषणांचा संयोजक, मुख्य समीक्षक, वेळ पाहणारा, भाषेच्या चुका टिपणारा आणि ‘अं-अं’ मोजणारा. एकूण 12 जबाबदाऱ्या. भाषण 5 ते 7 मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल.

महिन्याला 2 सभा धरल्या, तर वर्षाला 24 सभा आणि 72 भाषणं. 20 सभासदांत माणशी 3.6 भाषणं येतात आणि 24 पैकी 14 सभांत प्रत्येकाकडे काही ना काही काम असतं. सभासद 40 झाले की भाषणं 1.8 वर येतात. वर्गणी सहामाही असेल, तर ती पुन्हा भरायची वेळ येते तेव्हा सभासदाच्या वाट्याला सरासरी एक भाषणही आलेलं नसतं. गर्दीनेही माणसं गळतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत असं मंडळ चालवायचं, तर हा हिशेब आणखी काटेकोर हवा. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 74 माणसं राहतात, राज्यात 365. शहरी लोकसंख्या जिल्ह्यात 11 टक्के, राज्यात 45. गेलेल्या सभासदाच्या जागी दुसरा सहज मिळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भाताच्या रोवणीत 4 सभा बुडाल्या, तर माणशी भाषणं 3.6 वरून 3 वर येतात. त्या महिन्यांत 8-10 जणांची, 45 मिनिटांची का होईना, सभा व्हावी.

श्रोत्यांची इथे वाण नाही. या भागातलं झाडीपट्टीचं नाटक लोक रात्रभर बसून बघतात. पुण्यात न्या. रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला श्रोत्यांच्या बळावर दीडशे वर्षं टिकली. वक्तृत्व मंडळ मात्र बोलणाऱ्यांवर टिकतं. म्हणून मंडळाच्या वहीत हजेरीशेजारी आणखी एक रकाना आखा: शेवटचं भाषण कधी केलं? ज्याच्या नावापुढे चार महिन्यांपूर्वीची तारीख असेल, पुढची पाळी त्याला द्या.