अवटू ग्रंथी आणि रक्तपरीक्षेचे आकडे

मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला अवटू किंवा थायरॉइड ग्रंथी म्हणतात. अन्नातील आयोडीन वेचून ती दोन हॉर्मोने तयार करते. ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात ते थायरॉक्सिन, म्हणजेच टी-४; तीन अणू असलेले ते टी-३. शरीरातील पेशींनी किती वेगाने कार्य करावे, हे या हॉर्मोनांवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर देखरेख ठेवते ती मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी. रक्तातील टी-४ घटले, की ती टीएसएच नावाचा उद्दीपक स्राव अधिक सोडते. टी-४ वाढले, की तो आवरता घेते. बैल मंदावला म्हणजे गाडीवानाचा आवाज चढतो आणि बैल उधळू लागला म्हणजे तो गप्प होतो, तसेच हे होय. म्हणून टीएसएचचा आकडा उलटा वाचावा लागतो. टीएसएच अधिक व टी-४ कमी असल्यास अवटू ग्रंथी मंद झालेली असते; थकवा येतो, थंडी सोसवत नाही, वजन वाढते. टीएसएच अत्यल्प व टी-४ अधिक असल्यास ग्रंथी बहुधा अतिक्रियाशील असते. छाती धडधडते, हात कापतात, वजन घटते.

प्रौढांमध्ये टीएसएचची मर्यादा साधारणतः दर लिटरला ०.४ ते ४.० मिलि-एकके मानतात. परंतु प्रयोगशाळा, वय व गर्भावस्था यांनुसार ती बदलते. टी-४ निम्म्यावर आले, तर टीएसएच सुमारे शंभरपट वाढू शकते. म्हणूनच प्रथम तेच मोजतात. टी-४ चा बहुतेक सर्व अंश रक्तातील प्रथिनांना बांधलेला असतो आणि कार्य करतो तो केवळ मुक्त अंश. यास्तव पत्रकात ‘मुक्त टी-४’ असा उल्लेख आढळतो.

तथापि एकाच आकड्यावरून निदान होत नाही. पोष ग्रंथीच रोगट असेल, तर टीएसएच फसवे ठरते. गंभीर आजारातही आकडे तात्पुरते बदलतात. केस व नखे यांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही परीक्षांचे निष्कर्ष चुकतात. त्या घेत असल्यास वैद्यांना आधी सांगावे. औषधाची मात्रा बदलल्यावर नवा समतोल साधण्यास वेळ लागतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.

या परीक्षेचे मोल सर्वाधिक जाणवते ते नवजात बालकांच्या बाबतीत. जन्मतः अवटू ग्रंथी नसलेले मूल पुष्कळदा निरोगीच दिसते. परंतु थायरॉक्सिनवाचून त्याच्या मेंदूची वाढ खुंटते आणि लक्षणे उघड होईपर्यंत झालेली हानी बहुधा भरून निघत नाही. रक्तातील हॉर्मोनांची अतिसूक्ष्म मात्रा मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धती रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी अमेरिकेत शोधून काढली. तिच्यासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच पद्धतीच्या आधारे कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७४ मध्ये नवजात बालकांची तपासणी सुरू झाली. टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब त्यासाठी पुरतात. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर असे मूल बहुधा इतर मुलांसारखेच वाढते, शिकते व बोलते.